फोर्थ डाउन आणि शाहू स्टेडियम

कोल्हापुरातील ज्या कॉलेजात मी शिकलो, त्याच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटात सध्या एकाच विषयावर वाद पेटलेला आहे. कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी एक ‘डेटा अॅनालिटिक्स तज्ज्ञ’ नेमावा आणि त्याचा पगार माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून द्यावा, असा प्रस्ताव पुण्यात सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या एका वर्गमित्राने मांडला. ‘अमेरिकेतील प्रत्येक कॉलेजात असा माणूस असतो,’ असे त्याने पहिल्याच परिच्छेदात ठोकून दिले. विरोधकांचे उत्तर अस्सल कोल्हापुरी होते: ‘भावा, मैदानावर गवत नाही, लॅपटॉप कुठे ठेवणार?’ इथवर ठीक होते. पण पुढे अमेरिकेतील कॉलेजे म्हणजे शिक्षणाच्या नावाखाली चाललेली सर्कस, तिथल्या प्रशिक्षकांना स्वतःची अक्कल नसते म्हणून ते संगणकाला विचारतात, अशी मुक्ताफळे सुरू झाली. मी अमेरिकेतील आयोवा सिटीत, आयोवा विद्यापीठाच्या किनिक स्टेडियमपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर राहतो. दोन्ही पक्षांनी अमेरिकेचा दाखला द्यावा आणि तिथे राहणाऱ्या माणसाला एका शब्दाने विचारू नये, याचा मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

प्रथम त्या ‘प्रत्येक कॉलेजा’विषयी. इथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, तर चेंडू हातात घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल. महाविद्यालयीन पातळीवर त्याच्या सर्वोच्च श्रेणीत १३० हून थोडे अधिक संघ आहेत, आणि पूर्णवेळ विश्लेषक बाळगण्याची चैन प्रामुख्याने तिथेच परवडते. खालच्या श्रेणींतील शेकडो कॉलेजांत आकडेवारीचे काम एखादा सहायक प्रशिक्षक किंवा संख्याशास्त्राचा हौशी विद्यार्थी करतो. शिवाय ‘अॅनालिस्ट’ हे पद बराच काळ पळवाट म्हणूनच वापरले गेले. मैदानावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या संख्येवर एनसीएए या कॉलेज क्रीडा नियामक संस्थेची मर्यादा होती. तेव्हा श्रीमंत संघ नोकरी गेलेल्या प्रशिक्षकांना या नावाखाली पदरी ठेवत. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी २०१६ मध्ये स्टीव्ह सार्कीझियन यांना असेच आणले होते. २०२४ च्या जूनमध्ये ती मर्यादा उठल्यानंतर खरा आकडेमोड करणारा माणूस आणि नावापुरता विश्लेषक यांतील फरक अधिक स्पष्ट झाला.

खऱ्या तज्ज्ञाचे काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. शनिवारी सामना संपला की रविवारी प्रत्येक खेळीची नोंद तपासायची. कोणत्या डाउनला (म्हणजे कितव्या प्रयत्नाला), किती यार्ड बाकी असताना, मैदानाच्या कोणत्या भागात, कोणत्या रचनेतून काय केले, हे सारे तक्त्यात बसवायचे. पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सवयी शोधायच्या आणि त्याहून अवघड म्हणजे आपल्या सवयी प्रतिस्पर्ध्याला कुठे दिसत असतील ते प्रशिक्षकाच्या तोंडावर सांगायचे. खेळाडूंच्या अंगावरील जीपीएस यंत्रांतून कोण किती धावला, कोणाला विश्रांती हवी, हे पाहायचे. दुसऱ्या विद्यापीठातून येऊ पाहणाऱ्या शेकडो खेळाडूंमधून आपल्या उपयोगाचे चार निवडायचे, आणि २०२५ पासून त्यांना काय मोबदला द्यावा याचाही अंदाज बांधायचा. कारण न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार एका विद्यापीठाला पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंमध्ये सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम वाटण्याची मुभा मिळाली. एवढा पैसा हातातून जाणार असेल तर हिशेब ठेवणारा माणूस लागतो, हे समजायला अमेरिकेत यावे लागत नाही. आमच्या पेठेतील पतसंस्थेलाही ते कळते.

‘प्रशिक्षकांना अक्कल नसते’ असे म्हणणाऱ्यांना मात्र फोर्थ डाउनची गोष्ट सांगायला हवी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असतात. चौथा प्रयत्न फसला तर चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याला मिळतो, म्हणून बहुतेक प्रशिक्षक चौथ्या वेळी पंट, म्हणजे लांब लाथ, मारून चेंडू दूर पाठवत आले. सिनसिनाटी बेंगल्स या व्यावसायिक संघाचा क्वार्टरबॅक (आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू) व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी १९७१ मध्येच मैदानावरील जागेची किंमत गुणांत मोजून दाखवली होती. पुढे बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी, प्रथम २००२ मध्ये आणि मग २००६ च्या शोधनिबंधात, व्यावसायिक संघ गरजेपेक्षा फार जास्त वेळा पंट मारतात, असे गणिताने सिद्ध केले. म्हणजे १९७१ मध्ये सुरू झालेला हिशेब प्रशिक्षकांच्या गळी उतरायला कित्येक दशके गेली. अक्कल नसल्यामुळे नव्हे, तर पंट मारून हरलेल्या प्रशिक्षकाला कोणी काही म्हणत नाही आणि धाडस करून हरलेल्याची नोकरी जाते म्हणून. ही भीती कोल्हापुरात काय आणि ओहायोतल्या कोलंबसात काय, सारखीच.

आता माझ्या गावाकडे, म्हणजे या गावाकडे येतो. रोमर यांचे गणित वाचून कोणी आयोवा विद्यापीठाच्या संघाचा खेळ पाहायला आला तर त्याला भोवळ येईल. २०२३ च्या हंगामात मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ यांचे चिरंजीव ब्रायन आक्रमणाची बाजू सांभाळत होते. ब्रायन यांचा पगार ५० हजार डॉलरने कमी करून करारात अट घातली गेली की संघाने प्रत्येक सामन्यात सरासरी २५ गुण करावेत. संघाची सरासरी १६ च्या आतच राहिली आणि हंगाम संपण्यापूर्वीच त्यांना पुढच्या वर्षी ठेवणार नसल्याचे जाहीर झाले. पण त्याच संघाने १० सामने जिंकले, आणि मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरने एका हंगामात ४,४७९ यार्ड पंट मारून विक्रम केला. ‘पंट म्हणजेच विजय’ अशा अर्थाचे टी-शर्ट गावात विकले जात होते, आणि एक माझ्याही कपाटात आहे. या हंगामावरून कोणी म्हणेल की आकडे खोटे ठरले. तसे नाही. रोमर यांचे उत्तर सरासरी संघासाठी आहे. ज्यांचे आक्रमण दुबळे, बचाव पोलादी आणि पंटर जगात सर्वोत्तम, त्यांच्यासाठी उत्तर बदलते. सर्वसाधारण तक्ता विकत मिळतो, तो आपल्या संघाला बेतून घेण्यासाठी माणूस नेमावा लागतो. तज्ज्ञाची खरी गरज एवढीच आहे, आणि आमच्या पुणेकर मित्राच्या तीन पानी प्रस्तावात नेमके हेच कुठे नाही.

उलट उदाहरण अर्कान्सासमधील केव्हिन केली यांचे. लिटल रॉकच्या शाळेत त्यांनी पंट जवळजवळ बंद करून अजिंक्यपदे मिळवली. २०२१ मध्ये तेच तंत्र घेऊन ते प्रेस्बिटेरियन कॉलेजात गेले, संघ २ सामने जिंकला, ९ हरला आणि ते एका हंगामात बाहेर पडले. गणित तेच होते, माणसे वेगळी होती.

त्याच २०२३ च्या ऑक्टोबरात ओरेगन संघ वॉशिंग्टनकडून ३६–३३ असा हरला. प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी तीन वेळा चौथ्या डाउनला धाडस केले आणि तिन्ही वेळा ते फसले. सामन्यानंतर त्यांनी पराभव संपूर्णपणे स्वतःच्या माथी घेतला. संगणकाचे किंवा विश्लेषकाचे नाव घेतले नाही. आपल्याकडे क्रिकेटमध्ये एखादी गोलंदाजीची चाल उलटली की ‘लॅपटॉपवाल्यांनी खेळाची वाट लावली’ हे वाक्य समालोचकापासून चहाच्या टपरीपर्यंत सर्वांच्या तोंडी येते, आणि जिंकल्यावर मात्र कर्णधाराची दूरदृष्टी असते. निर्णय कोणाचा हे ठरल्याशिवाय सल्लागार नेमण्यात काय हशील?

(हे लिहिताना मिशिगनचे उदाहरण मी सोयीस्करपणे बाजूला ठेवत होतो, पण गटातील कोणीतरी ते शोधून काढीलच. प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांच्या प्रशिक्षकांच्या सांकेतिक खुणा टिपण्याचा मिशिगनमधील उद्योग २०२३ मध्ये उघडकीस आला. तो करणारा संघाच्या नोकरीत होता आणि पद विश्लेषकाचे होते. प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना तीन सामने बाहेर बसावे लागले. पुढच्या वर्षीपासून महाविद्यालयीन सामन्यांत खुणांना पर्याय म्हणून शिरस्त्राणात रेडिओ आले. त्याच मिशिगनने बिग टेन या आमच्या विद्यापीठांच्या गटाच्या अंतिम सामन्यात आम्हाला २६–० असे धुतले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. आमचे आक्रमण पाहता त्या दिवशी खुणा चोरण्याची त्यांना गरज नव्हती.)

पैशांबद्दलही इथले सगळे गुणगान करण्यासारखे नाही. बटरफ्लाय हा पोहण्याचा प्रकार १९३० च्या दशकात ज्या विद्यापीठाच्या तलावात डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी घडवला, त्याच आयोवा विद्यापीठाने २०२० मध्ये तोट्याचे कारण सांगून पोहण्याचे संघ, पुरुषांचे टेनिस आणि जिम्नॅस्टिक्स बंद करण्याचे जाहीर केले. मुली न्यायालयात गेल्या म्हणून त्यांचा जलतरण संघ वाचला, मुलांचा गेला. फुटबॉलच्या खर्चाला असा हात लागल्याचे मला आठवत नाही. तेव्हा ‘अमेरिकेत कॉलेजे खेळासाठी जीव टाकतात’ हे वाक्य ऐकले की मला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आठवतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी त्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. आयोवा हे कुस्तीचे राज्य आहे. डॅन गेबल यांनी १९७२ मध्ये म्युनिकला एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकले, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. शेजाऱ्यांना मी खाशाबांची आणि खर्डेकरांची हकीकत सांगतो तेव्हा ते मनापासून माना डोलावतात, आणि मला त्या क्षणी उगाचच आपण श्रीमंत असल्यासारखे वाटते. मग एखादा विचारतो, त्यानंतर तुमच्या कॉलेजांतून कोण कोण आले? तेव्हा मी घाईने अनिकेत जाधवचे नाव घेतो, जो २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. पण तो कॉलेजातून नव्हे, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, हे सांगायचे टाळतो.

माझ्या रागाचे मूळ मला आता थोडे दिसू लागले आहे. मी किनिकमध्ये बसू लागलो तेव्हा आजूबाजूची माणसे आजोबांच्या खुर्च्यांवर बसलेली होती. हा खेळ त्यांना समजून घ्यावा लागत नव्हता. मला तो अंगाने कळणे शक्यच नव्हते, म्हणून मी खेळींच्या नोंदी उतरवून घेतल्या, तक्ते केले, आणि आकड्यांच्या शिडीवरून त्यात शिरलो. टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी गाड्यांपाशी रंगणाऱ्या खाण्यापिण्याच्या मैफलीत, कोणी ‘फोर्थ अँड टू (चौथा प्रयत्न, दोन यार्ड बाकी), काय करायचे?’ असे विचारले की मी टक्केवारी सांगतो. लोक हसतात, खांद्यावर थाप मारतात, माझ्या हातात आणखी एक ब्राट (भाजलेला सॉसेज) देतात. पहिला क्वार्टर संपल्यावर ६९ हजार माणसे शेजारच्या मुलांच्या रुग्णालयाकडे वळून हात हलवतात, तेव्हा मीही हलवतो, आणि तेवढ्यापुरती टक्केवारीची गरज पडत नाही. पण मी पाहुणा आहे, आणि माझे पारपत्र म्हणजे तो तक्ता.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर, आपल्या फुटबॉलसाठी, मला तक्ता कधी लागला नाही. पाटाकडील, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा हे तिथले संघ. कोण कोणाला केव्हा हरवले, कोणत्या पेनल्टीवरून दगडफेक झाली, हे कट्ट्यावरची माणसे तारखेसकट सांगत. आता हिवाळ्यात मी पहाटे साडेचारला उठून तिथल्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण पाहतो आणि वहीत नोंदी करतो: चेंडू कुठे गेला, कोणाकडून गेला, गोलकिकनंतर काय झाले. अमेरिकन फुटबॉल दर काही सेकंदांनी थांबतो, त्यामुळे त्याची नोंद आपोआप तक्त्यात बसते. आपला फुटबॉल वाहता असतो, एका माणसाने डोळे न हलवता लिहिले तरी निम्मे सुटते. बऱ्याच सामन्यांच्या नोंदींवरून मी निष्कर्ष काढला की आमच्या पेठेच्या संघाचा गोलकीपर लांब किक मारतो तेव्हा बहुतेक वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. तो निष्कर्ष मी बालमित्राला मोठ्या अभिमानाने कळवला. त्याचे उत्तर आले, ‘हे त्याच्या आईलाबी म्हाईत हाय.’ त्याला माहीत आहे, आईला माहीत आहे, गोलकीपरलाही माहीत असणार. तरी तो लांबच मारतो, कारण जवळ पास दिला आणि गोल झाला तर पेठेत तोंड दाखवता येणार नाही. रोमर यांनी अर्थशास्त्रात शोधलेली भीती ती हीच, आणि ती घालवणे पगारी तज्ज्ञाच्या हातात नाही.

म्हणून अखेर मी गटात सविस्तर लिहिले. तज्ज्ञ नेमू नका. तिपाईवर एक कॅमेरा आणि दोन विद्यार्थी ठेवा. दोन हंगाम प्रत्येक सामन्याची नोंद होऊ द्या. प्रशिक्षकाने आठवड्यातून एक तास त्या नोंदींसमोर बसण्याचे कबूल केले तर वर्गणीतील पहिला हप्ता मी भरतो; नसेल कबूल तर तो पैसा गवतावर घाला. मला अपेक्षा होती की अमेरिकेतील अनुभवाबद्दल, खर्चाबद्दल, निदान त्या आयोवाच्या कराराबद्दल कोणी विचारील. प्रस्ताव मांडणाऱ्या मित्राने अंगठा दाखवला. विरोधकांच्या म्होरक्याने विचारले, ‘ती दोन पोरं कुठल्या पेठेतली घेणार, ते आधी सांग.’ एक मंगळवार पेठेतील आणि एक शिवाजी पेठेतील, असे मी तत्काळ उत्तर दिले. त्यावर, मी स्वतः मंगळवारातला असल्यामुळे पहिले नाव त्याच पेठेचे घेतले, असा आरोप झाला, आणि तो खोडून काढण्यात मी इथल्या मध्यरात्रीपर्यंत गुंतलो होतो.