तर्रीला तिखट नव्हतं

परवा पहाटे स्वप्नात तर्री-पोहे खाल्ले. लाल तवंग, हरभरे, खालून ओली होऊन वाकलेली कागदी प्लेट, सगळं जागच्या जागी. पण चार घास झाले तरी नाक वाहेना. म्हटलं, असे पोहे विकणारा नागपुरात एक दिवस टिकायचा नाही! नाक चिमटीत धरलं तर श्वास आरामात चालू. म्हणजे स्वप्नच. तेरा वर्षांनी मी स्वप्नात जागी झाले होते.

आणि त्या आनंदात लगेच खरीखुरी जागी झाले. कूलरचा पंप गरगरत होता, पावणेपाच वाजले होते. एकेकाळी मला ठाऊक होतं की अशा वेळी उड्या मारायच्या नसतात. तळहात एकमेकांवर घासायचे, जवळची एखादी वस्तू नीट बघत राहायची, म्हणजे स्वप्न टिकतं. आता आठवलं, पण उठल्यावर.

कॉलेजात असताना ल्युसिड ड्रीमिंगचं, म्हणजे स्वप्नात असतानाच 'हे स्वप्न आहे' हे ओळखण्याचं, वेडच होतं मला. फुटाळा तलावावरून उडायचे, सीताबर्डीच्या गर्दीत भिंतीतून आरपार जायचे. कोणी हसलं की १९७५ चा प्रयोग सांगायचे. इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून स्वप्नातूनच, आधी ठरवलेल्या डोळ्यांच्या हालचालींनी, खूण मिळवली होती. पुढे स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनीही तेच दाखवलं. मग नोकरी, लग्न, लेक. लेक तान्ही असताना रात्री तीनतीनदा उठत होते. पाचेक तास झोपून उठायचं, थोडं जागं राहायचं, 'पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला कळेल' असं घोकत पुन्हा झोपायचं, ही पद्धत जणू फुकटात घरपोच आली होती. पण तेव्हा स्वप्नच आठवत नव्हतं, घोकणार काय कप्पाळ!

म्हणून माझं मत जरा उलटं आहे. खंडानंतर या नादाकडे परत येणारे आधी रात्री मध्येच उठायचा अलार्म लावतात, मी म्हणते आधी स्वप्नं लिहायला वही घ्या. पहाटेकडे स्वप्नांची झोप लांबत जाते हे खरं, पण सकाळी डबे करायचे असतील तर तीच झोप मोडून काय मिळवायचं? माझा अलार्म फक्त शनिवारी रात्री. त्यातही एकदा जाग आली आणि हातपाय हलेनात, छातीवर कोणी बसलंय असं वाटलं. स्वप्नाच्या झोपेत स्नायू ढिले पडलेले असतात, मन आधी जागं झालं की असं होतं, हे ठाऊक असूनही घाम फुटला. ज्यांची झोप आधीच धड नाही त्यांनी या भानगडीत पडू नये.

वहीचं सांगते. पहिले आठ दिवस कोरे. नवव्या दिवशी 'काहीतरी हिरवं'. मग 'इतवारीत साडी घेतेय, दुकानदार म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई, उधारी नाही म्हणाल्या'. डोळे उघडल्यावर हलायचं नाही, मोबाईल तर नाहीच, आधी शेवटचा तुकडा पकडायचा आणि मागे मागे जायचं. महिन्याभरानं पानं चाळली तर लक्षात आलं, मी स्वप्नात सारखी खातेय आणि कशालाच चव नाही. उडण्याच्या नादात कॉलेजच्या दिवसांत हे कधी दिसलंच नव्हतं.

मग ठरवलं, दिवसा प्रत्येक पहिल्या घासाला थांबायचं, चव नीट घ्यायची आणि खरंच विचारायचं, मी आत्ता स्वप्नात आहे का? नुसती सवय म्हणून विचारलं तर स्वप्नातही आपण 'नाही' म्हणून मोकळे होतो. हे सतरा दिवस केलं, अठराव्या पहाटे ते पोहे.

घरी मात्र घोळ झालाय. रोज जेवताना मी पहिला घास तोंडात घेऊन गप्प बसते हे सासूबाई बघत होत्या. "काहून वं, मीठ कमी पडलं का?" असं दोनदा विचारून झालं. मी नाही म्हटलं, पण त्यांना काही पटलं नाही. परवापासून वरण खारट लागतंय.