कोमट पाणी असलं तरी डोक्यावर छत असतंच

सध्या एक सल्ला फार फिरतोय: उष्ण कटिबंधातली बुडालेली जहाजं नवशिक्यांसाठीच आहेत. पाणी कोमट, नितळ. जहाज जागचं हलत नाही. हवा पुरते. स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याचा, पहिला कोर्स झाला असेल तर आत एक चक्कर मारून यावं, आणि आठवण म्हणून एखादी बशी उचलली तर कुणाचं काय जातं? या जहाजांवर माझा जीव आहे, म्हणूनच हा सल्ला मला खटकतो.

पाणी कोमट, हे मान्य. पण 28 अंशांचं पाणीही अंगापेक्षा गारच, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं शरीराची उष्णता ओढून घेतं. दिवसातल्या तिसऱ्या डायव्हला हुडहुडी भरते ती यामुळेच. तरी हा मुद्दा किरकोळ.

खरी फसगत ‘नितळ’ या शब्दात आहे. बाहेर लांबवर स्वच्छ दिसतं, म्हणून आतही दिसेल असं माणूस धरून चालतो. पण आत प्रवाह फारसा पोचत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षांचा गाळ पिठासारखा साचलेला असतो. एकदा होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालाच्या कोठारात, माझ्या पुढच्या डायव्हरचा फिन (पायातलं वल्ह्यासारखं पातं) तळाला जेमतेम टेकला. तपकिरी ढग उठला आणि क्षणात माझी स्वतःची बोटं मला दिसेनाशी झाली. टॉर्च लावला तर उजेड गाळावर आपटून डोळ्यांतच परत येत होता. परतीची वाट सापडावी म्हणून सोडत आणलेली रीलची दोरी मुठीत होती, म्हणून तिच्या आधारानं चाचपडत बाहेर आलो. फिन जपून मारला तरी सुटका नाही. आपले बुडबुडे वर जाऊन छताला लागतात आणि गंजाचे पापुद्रे डोक्यावर झरायला लागतात.

‘हवा पुरते’ म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब मांडावा. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाला साधारण 2400 लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे 80 लिटर. अर्ध्या तासात सिलिंडर रिकामा! म्हणून जहाजात शिरणारे एक तृतीयांश हवा जाण्याला, एक तृतीयांश परतण्याला वापरतात आणि उरलेली अडीअडचणीला राखून ठेवतात. या नियमानं आत जायला मिळतात दहा मिनिटं, तीही श्वास शांत असेल तर. घाबरलेला माणूस किती हवा ओढतो, ते वेगळं सांगायला नको. आणि मोकळ्या पाण्यात हवा संपत आली तर वर जाता येतं. इथे वर पोलाद आहे.

जहाज जागचं हलत नाही, हेही तितकंसं खरं नाही. बालीच्या तुलांबेनचं ‘लिबर्टी’ 1942 मध्ये टॉर्पेडो लागल्यावर किनाऱ्यावर आणून ठेवलं होतं. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकानं ते पाण्यात ढकललं गेलं. वानुआतूचं ‘प्रेसिडेंट कूलिज’ कुशीवर पडलंय. तिथे भिंत म्हणजे जमीन आणि दरवाजा पायाखाली किंवा डोक्यावर, त्यामुळे नकाशा पाठ असूनही माणूस गोंधळतो. त्यात 30 मीटरच्या आसपास दाबाखाली श्वासातल्या नायट्रोजनची नशेसारखी गुंगी चढू लागते.

सल्ल्यातला एक भाग मात्र मी उचलून धरतो: नवशिक्यांनी ही जहाजं जरूर पाहावीत. ‘लिबर्टी’चा उथळ भाग जेमतेम पाच-सहा मीटरवर आहे. बाहेरून फिरलात तरी प्रवाळ, मासे, मोडकी डेक यांत अख्खा डायव्ह कमी पडतो. आत जायचंच असेल तर रेक डायव्हिंगचं, म्हणजे बुडालेल्या जहाजांत डायव्हिंग करण्याचं, वेगळं प्रशिक्षण घ्या.

राहिली बशी. ऑस्ट्रेलियाचं ‘योंगाला’ 23 मार्च 1911 रोजी चक्रीवादळात बुडालं आणि जहाजावरचे 122 जण गेले. एकही वाचला नाही. त्याचा पत्ता लागायला 1958 साल उजाडलं. आज त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आत शिरायला बंदी आहे. तिथे माणसांचे अवशेष अजून आहेत. बशी उचलणाऱ्यानं ती त्यांच्यापैकी कुणाच्या तरी ताटाशेजारची आहे, एवढं आधी स्वतःला सांगावं.