शिकागोला डावलून कसं चालेल?

इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकवरचा तुमचा लेख मन लावून वाचला. पण हे संगीत म्हणजे युरोपातल्या मोठ्या फेस्टिव्हलांची देणगी, हा त्यातला सूर अजिबात पटला नाही. क्राफ्टवर्क या जर्मन बँडचं ऋण मान्यच आहे, पण हाउस हा या संगीताचा प्रकार जन्मला तो शिकागोत. १९७७ साली सुरू झालेल्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचा आणि नाचायला येणारे बहुतेक जण कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी तरुण होते. हाउस ज्या डिस्कोतून उगवलं, त्या डिस्कोवर बाहेर राग इतका, की १९७९च्या जुलैत याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या गेल्या. हे सगळं लेखात यायलाच हवं होतं.

आणि ‘यंत्राच्या संगीतात भावना नसते’ हे वाक्य तर फारच घाईचं. रोलंड या जपानी कंपनीचं टीबी-३०३ हे छोटं सिंथेसायझर बनलं होतं बेस गिटारची साथ द्यायला. त्यात ते साफ आपटलं आणि सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळू लागलं. मग शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटातल्या पोरांनी सूर वाजत असतानाच त्याच्या फिल्टरची, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारी, बटणं फिरवायला सुरुवात केली. त्यांचं १९८७चं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हेडफोन लावून ऐका. तीच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते, पण आवाज आधी घुसमटलेला, मग ओलसर, मग एकदम चिरकतो. ती हाताची करामत आहे, यंत्राची नव्हे.

याच संगीताचा दुसरा प्रकार असलेल्या डेट्रॉइट शहरातल्या टेक्नोला, म्हणजे तो घडवणाऱ्या अ‍ॅटकिन्स, मे आणि सॉन्डरसन या संगीतकारांना, जेमतेम एक ओळ मिळाली आहे. पुढचा लेख त्यांच्यावर लिहाच, ही मनापासून विनंती.