राष्ट्रपुरुष होऊ इच्छिणाऱ्यांस काही सूचना

वाचकहो, मरणोत्तर राष्ट्रपुरुष होण्याची आपणांस आस असेल, तर तेराव्या शतकातील रशियन राजपुत्र अलेक्सांद्र नेव्हस्की याचा कित्ता गिरवावा. सर्वांत आधी शत्रू पारखून घ्यावेत. ज्यांना हरवता येईल त्यांच्याशी प्राणपणाने लढावे आणि ज्यांना हरवता येणार नाही त्यांच्या दारी मुजऱ्याला जावे. अलेक्सांद्रने १२४० साली नेवा नदीकाठी स्वीडिश सैन्याला, तर ५ एप्रिल १२४२ रोजी गोठलेल्या पेइपुस सरोवरावर जर्मन सरदारांना धूळ चारली. मंगोलांपुढे मात्र तो त्यांच्या व्होल्गाकाठच्या सराय या राजधानीत, आणि पुढे थेट मंगोलियातील काराकोरमपर्यंत हजेरी लावून आला.

मेलेल्यांचा हिशेब आपण स्वतः ठेवू नये. सरोवरावर ४०० जर्मन पडले आणि ५० हाती लागले, असे नोव्हगोरोद या रशियन शहराची बखर सांगते. जर्मनांच्या बाजूचे पद्यमय इतिवृत्त २० मेले व ६ पकडले गेले एवढेच कबूल करते. बर्फ दुभंगून चिलखतांसकट सरदार तळाला गेले, हे तर या दोघांपैकी कोणालाच दिसले नाही. ते जगाला दिसले १९३८ साली, सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनश्टाइन यांच्या ‘अलेक्सांद्र नेव्हस्की’ या चित्रपटात, आणि तो बर्फही ऐन उन्हाळ्यात उभारलेला होता.

भाऊबंदकी टाळू नये, फक्त तिची वेळ साधावी. १२५२ साली धाकटा भाऊ आंद्रेई मंगोलांविरुद्ध उठला, मंगोल फौज त्याच्यावर चालून आली आणि व्लादिमीर शहराची थोरली गादी अलेक्सांद्रकडे आली. आंद्रेई बिचारा जीव वाचवायला पळाला तो चक्क स्वीडनला. पुढे १२५७ मध्ये मंगोलांचे शिरगणतीवाले नोव्हगोरोदला आले, तेव्हा करभाराच्या भीतीने शहर बिथरले आणि अलेक्सांद्रचा मुलगा वासिली शहराच्या बाजूने गेला. बापाने मुलाला हाकलले. मुलाच्या सल्लागारांपैकी कोणाचे नाक कापवले, कोणाचे डोळे काढवले. असला प्रसंग आपल्या चरित्रात आलाच, तर त्याला ‘दूरदृष्टी’ म्हणतात, हे ध्यानात असू द्यावे. (ती नाके स्वीडिश नव्हती, जर्मनही नव्हती, पण पुतळ्यापुढच्या भाषणात एवढ्या तपशिलाला वेळ नसतो.)

मग वेळीच देह ठेवावा. अलेक्सांद्र १२६३ साली मंगोल दरबारातून परतताना गोरोदेत्स येथे, मरणापूर्वी संन्यास घेऊन, निवर्तला. येथून पुढचे कष्ट इतरांचे असतात. १५४७ साली चर्चने त्याला संत ठरवले. १७२४ मध्ये पीटर द ग्रेटने त्याच्या अस्थी पीटर्सबर्गला आणवल्या, आणि त्याच वर्षी फर्मान निघाले की यापुढे संताला संन्याशाच्या कफनीत रंगवू नये, राजवस्त्रांत रंगवावे. बोल्शेविकांनी त्याची चांदीची शवपेटी १९२२ साली संग्रहालयात धाडली. पुढे जर्मनीची धास्ती वाटू लागली तसा तोच संत चित्रपटाचा नायक झाला. १९३९ साली हिटलरशी करार होताच चित्रपट गुपचूप उतरवला गेला, १९४१ साली जर्मन रणगाडे आत घुसताच पुन्हा लागला.

१९४२ मध्ये त्याच्या नावाचे पदक काढायचे ठरले. त्याच्या हयातीतले चित्र मात्र एकही नव्हते, म्हणून पदकावर चित्रपटातील नट निकोलाय चेरकासोव्ह यांचा चेहरा कोरण्यात आला. तेव्हा वाचकहो, घरातील स्वतःची छायाचित्रे आजच नष्ट करावीत, आणि एखादा बरा नाकाचा नट हेरून ठेवावा.