आंबोली, तेरडा आणि परसातलं पपनस
आंबोलीवरचा तुमचा लेख वाचला. त्यातलं तिथल्या धबधब्याचं वर्णन झकास, पण जुलैतल्या रविवारी तिथे पाण्यापेक्षा माणसंच जास्त कोसळतात, तेही लिहायचं होतं! आम्ही सावंतवाडीहून मधल्या वारी, सकाळी सातच्या आत घाट चढतो. धुकं एवढं की धबधबा आधी ऐकू येतो, मग दिसतो. खरी मजा मात्र भाद्रपदात. दरडीवर तेरडा, वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सोनकीची पिवळी फुलं आणि घरी परसातलं पपनस. गणपतीच्या माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर बांधलेल्या लाकडी चौकटीला, टांगलेलं ते फळ विसर्जनानंतर खाली उतरवायचं, बोटभर जाड साल काढायची, गुलाबी फोडी सोलून वर मीठ-तिखट आणि चिमूटभर साखर. यंदा झाडाला अकराच लागली, त्यातली चार वांदरांनी नेली.