डिस्नेलँडचा पास काढा, पण घरात एकच

दिवसाचं तिकीट काढून डिस्नेलँडला गेलो, तर त्याच तिकिटाचे पैसे वर्षाच्या पासात वळते करून मिळतात का? सदर्न कॅलिफोर्नियात नव्याने आलेलं प्रत्येक मराठी कुटुंब हा प्रश्न कधी ना कधी विचारतंच. गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत विचारतात, बालवाडीच्या फाटकाशी विचारतात, आणि डिस्नेलँड ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथेच मी बरीच वर्षं राहते म्हणून मला जरा जास्तच विचारतात. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकते.

हो, मिळतात. तिकीट वापरलेलं असलं तरी मिळतात. दिवसभर हुंदडा, संध्याकाळी बाहेर पडायच्या आधी काउंटरवर जा, पासाच्या किमतीतून तिकिटाची रक्कम वजा होते आणि उरलेला फरक भरायचा. अट एवढीच की एक दिवसाचं तिकीट असेल तर त्याच दिवशी, आणि जास्त दिवसांचं असेल तर शेवटच्या दिवशी. ज्याचं तिकीट त्याचाच पास. चौघांच्या तिकिटांचे पैसे एकत्र करून एकाचा पास काढू म्हणाल तर चालत नाही. आणि त्या दिवशी तो पास विक्रीला असायला हवा, कारण मधूनमधून विक्री थांबवतात. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये तर नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२३ या काळात स्थानिकांचा एक स्वस्त पास सोडला, तर नव्या माणसाला वर्षाचा पास मिळतच नव्हता.

इथवर सगळं सरळ आहे. गडबड होते ती फरकाच्या हिशेबात.

आमच्याकडच्या पासाला मॅजिक की म्हणतात. जुने पास जानेवारी २०२१ मध्ये बंद केले आणि ऑगस्टमध्ये हे नवे आणले. त्यातला सगळ्यात स्वस्त इमॅजिन, फक्त सदर्न कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी. २०२१ मध्ये तो ३९९ डॉलर्सना होता. पुढच्या वर्षी ४४९, मग ४९९, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदम ५९९. सगळ्यात महाग इन्स्पायर त्या वेळी १,७४९. एक दिवसाचं, एका पार्कचं तिकीट तेव्हा दिवस बघून १०४ ते २०६ डॉलर्स होतं. पुढे दर आणखी चढले, पण हिशेबाची रीत तीच राहते म्हणून मी हेच आकडे धरते.

समजा तुम्ही गर्दीच्या दिवशी १८० डॉलर्सचं तिकीट काढून गेलात. लोक काय करतात, ५९९ ला १८० ने भागतात. सव्वातीन आलं. म्हणजे तीन-चार वेळा आलो की पास फिटला, आणि एकदा तर आज आलोच! हे ऐकायला इतकं गोड वाटतं की तिथेच कार्ड बाहेर निघतं.

पण स्वस्त पासावर बरेचसे शनिवार-रविवार बंद असतात, सुट्ट्यांचे दिवस बंद असतात. तो चालतो तो मुख्यतः आडवारी. आणि आडवारी दिवसाचं तिकीटही स्वस्तच असतं! म्हणजे पासामुळे तुमचे वाचणार आहेत ते १८० नाहीत, १२०-१३० च्या आसपास. आजचे १८० तर खर्च झालेच, पास काढा नाहीतर काढू नका. मग उरलेल्या ४१९ ला १३० ने भागा. सव्वातीन पुन्हा आलं, पण हे आजचा दिवस सोडून. सव्वातीन फेऱ्या काही करता येत नाहीत, म्हणजे अजून चार वेळा यायचं, तेही पासवाल्या दिवशी, तेव्हा कुठे पास फिटणार. शिवाय दर फेरीला पार्किंग, जे २०२४ च्या शेवटी ३५ डॉलर्सवर गेलं आणि स्वस्त पासात फुकट नाही. शिवाय खाणं. पोरांना पार्कात नेऊन घरचा पोळीचा रोल खायला घालणारे धीराचे आईबाप मी पाहिलेत, पण शेजारच्या बाकावर कुणी चुरो खात असेल तर तो रोल फार काळ टिकत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी धरतच नाही. नव्या वर्षाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी बहुतेक वर्षी तीन दिवसांची सवलतीची तिकिटं निघतात, दिवसाला शंभराच्या बऱ्यापैकी खाली पडतात. त्या भावाने त्याच ४१९ मध्ये पासाशिवायच पाच दिवस होतात. ज्यांना वर्षातून तीन-चारदाच जायचं आहे त्यांनी ती तिकिटं घ्यावीत आणि पासाचा विषय बंद करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

डिस्नेलँड आणि कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या दोन पार्कांच्या मधल्या मोकळ्या चौकात तिकिटांच्या खिडक्या आहेत. मागे एकदा पाहुण्यांची वाट बघत तिथे बसले होते. आतषबाजी नुकतीच संपलेली. खिडकीच्या रांगेत एक मराठी जोडपं, ढकलगाडीत मुलगी झोपलेली, तिच्या मुठीत बुडबुड्यांची कांडी अजून निळी-जांभळी लुकलुकत होती, आणि आजी बाकावर चपला काढून पाय चोळत बसलेल्या.

“अगं, एकशेऐंशी प्रत्येकी परत मिळतायत,” तो म्हणाला.

“मिळतायत तर हातात द्या म्हणावं,” ती म्हणाली.

मला हसू आवरेना. रांगेतल्या कुणी एवढ्या कमी शब्दांत तो व्यवहार मांडला नसता. पुढे त्यांनी काय केलं ते बघायला मी थांबले नाही, आमचे पाहुणे आले.

त्या खिडकीशी माणूस पोचतो ती वेळच अवघड असते. पोरं खूश, आपण दमलेले, कानात अजून संगीत वाजतंय, आणि ‘आत्ताच ठरवा, उद्या ही रक्कम धरली जाणार नाही’ ही अट. त्यात इथल्या रहिवाशांना बिनव्याजी मासिक हप्ते मिळतात आणि तिकिटाची रक्कम सुरुवातीच्या भरण्यात धरतात, त्यामुळे त्या क्षणी खिशातून फारसं काही जातच नाही. जातं ते पुढचे बारा महिने. पास परत करता येत नाही, मार्चनंतर कंटाळा आला म्हणून हप्ते थांबत नाहीत. म्हणून म्हणते, हिशेब रांगेत करायचा नाही. दुपारी जेवताना करायचा, फोनवर पासाचं कॅलेंडर उघडून, शेजारी शाळेचं कॅलेंडर ठेवून. दोन्हीकडे मोकळे असे किती दिवस दिसतात ते बोटांवर मोजा. शाळकरी मुलं असतील तर एका हाताची बोटंही बहुधा पुरतात. शाळेला सुट्टी असते तेव्हा पास बंद, पास चालतो तेव्हा शाळा चालू. शाळा बुडवून न्यायचं असेल तर न्या, मला काही म्हणायचं नाही, पण मग हिशेबात ‘शाळेतून आलेला फोन’ हाही रकाना घाला.

आणि मुलांना पासात सवलत नाही, हे तर आपल्या लोकांना पटतच नाही. दिवसाच्या तिकिटाला ३ ते ९ वर्षांच्या मुलांना थोडे डॉलर्स कमी लागतात. पासाला मोठ्या माणसाची किंमत तीच चार वर्षांच्या पोराची. ज्येष्ठांनाही सूट नाही. चौघांच्या कुटुंबाचा नुसता फरकच सोळाशे-सतराशे डॉलर्सच्या घरात जातो. तेवढ्यात ऑफ सीझनला पुण्याचं एक तिकीट बघायला काय हरकत आहे, असा विचार माझ्या डोक्यात येतोच. आता हे सगळ्यांना लागू नाही, मला लागू आहे.

पास असला म्हणून वाटेल तेव्हा गेलं आणि शिरलं असंही नाही. आधी दिवस राखून ठेवावा लागतो. इमॅजिनवर एका वेळी दोनच दिवस राखता येतात. राखून गेला नाहीत आणि आदल्या रात्रीपर्यंत रद्दही केलं नाहीत, असं ९० दिवसांत तीनदा झालं, की ३० दिवस नवं बुकिंग बंद. २०२१ मध्ये १,३९९ डॉलर्सचा ड्रीम नावाचा पास होता, एकही दिवस बंद नाही अशी त्याची जाहिरात. प्रत्यक्षात पार्कात तिकिटं विकली जात असतानाही पासधारकांचा त्या दिवसाचा कोटा संपलेला असायचा. एका पासधारकाने दावा लावला, तो सगळ्यांच्या वतीने चालला, आणि शेवटी कंपनीने ९५ लाख डॉलर्स देऊन तो मिटवला. लाखभर पासधारकांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर डॉलर्सही आले नाहीत. ‘बंद नाही’ आणि ‘जागा आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून इथल्या जुन्या पासवाल्यांना पाठ झालंय. ड्रीमच्या जागी इन्स्पायर आला, त्यात तर ख्रिसमसचा आठवडा सरळ बंदच ठेवला.

एवढं वाचून वाटेल की ही बाई पासाच्या विरोधात आहे. नाही हो. माझ्या ओळखीत पासाचं सोनं करणारी माणसं आहेत. सगळ्यात जास्त कुणी केलं असेल तर एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर आलेल्या आणि घरी असलेल्या, दोन वर्षांचं मूल असलेल्या आयांनी. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीटच लागत नाही. म्हणजे पास एक, माणसं दोन. मंगळवारी सकाळी ढकलगाडी घेऊन जायचं, एक-दोन राइड, बदकं दाखवायची, मूल झोपलं की सावलीत बसून आईशी फोनवर बोलायचं, पुण्यात रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात पण आया जाग्याच असतात. दुपारी घरी. नव्या देशात, गाडी नुकती चालवायला लागलेल्या बाईला जाण्यासारखं सुरक्षित, स्वच्छ, ओळखीचं ठिकाण मिळणं याची किंमत मी फेऱ्यांत मोजणार नाही. मूल तीन वर्षांचं झालं की मात्र गणित पालटतं.

दुसरा उपयोग पाहुण्यांचा. लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात पाहुण्यांना तोटा नाही. मावसभाऊ येतो, नणंदेची मुलं येतात, नवऱ्याच्या वर्गमित्राची सासू येते, आणि प्रत्येकाच्या यादीत डिस्नेलँड असतंच. पाहुणे आपलं तिकीट काढतात, पण सोबत जाणाऱ्या यजमानाचं काय? दरवेळी आपणही तिकीट काढलं तर वर्षाला पासापेक्षा जास्त जातात. म्हणून माझा सल्ला ठरलेला आहे: घरात ज्याच्या गळ्यात गाइडचं काम पडतं त्याने एकट्याने पास काढावा, बाकीच्यांनी घरी बसावं. काढायचा तोही गर्दीच्या दिवशी महागडं तिकीट घेऊन नाही. जानेवारी-फेब्रुवारीत एखाद्या आडवारी तिकीट काढून जा, दिवस कसा जातो बघा, आणि पाय टिकले तर संध्याकाळी फरक भरा. मे महिन्याच्या सुट्टीतले भारतातले पाहुणे आडवारी नेता येतात. डिसेंबरातल्यांना साफ सांगायचं की बाबांनो, ख्रिसमसच्या आधी या.

आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांचा पास काढावा का? बिलकुल नाही. एक तर स्वस्त पासाला इथल्या पत्त्याचा पुरावा लागतो, तो त्यांच्याकडे नसतो. आणि दुसरं म्हणजे त्यांना एकदा पुरतं. आमची पिढी बोटीने एस्सेलवर्ल्डला गेलेली, आणि एकदा गेलो की वर्षभर त्याच्या गोष्टी सांगणारी. त्यांची तर त्याहून आधीची. इट्स अ स्मॉल वर्ल्डच्या बोटीत बसून ताजमहाल दिसला, जंगल क्रूझमध्ये डुंबणारे हत्ती दिसले, की सासरे म्हणतात, “झालं की बघून.” खरंच झालेलं असतं. दुसऱ्यांदा नेलं तर ते तुमच्यासाठी येतात, आणि संध्याकाळी गुडघ्याला तेल तुम्हालाच लावायचं असतं. त्यांना न्यायचंच असेल तर नोव्हेंबरच्या मध्यानंतर एखाद्या आडवारी शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचरला न्या. तिथे सणांचा उत्सव सुरू होतो, त्यात दिवाळीचंही नृत्य असतं. आपली दिवाळी बहुधा उरकलेली असते, फराळाचे डबे तळाला गेलेले असतात, पण ढोलकाचा ठेका कानावर पडला की सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एक मात्र सांगते, हे सगळं डिस्नेपुरतं. नॉट्स बेरी फार्म हे दुसरं मनोरंजन पार्क इथून जवळच बुएना पार्क गावात आहे, तिथला हंगामी पास साधारण दोन फेऱ्यांत फिटतो, तिथे एवढा खल करत बसू नका. पहिल्याच दिवशी विचारा आणि काढून टाका. सिक्स फ्लॅग्जच्या पार्कांचंही बहुतेक ठिकाणी तसंच. मोठ्या रोलर कोस्टरवर उंचीची अट असते, तेवढी पोरांची उंची भिंतीला लावून मोजून जा. आणि कुठल्याही काउंटरवर जाताना मूळ तिकीट, फोटोचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. सवलतीत किंवा एजंटकडून घेतलेलं तिकीट असेल तर त्याची किंमत किती धरणार हे कार्ड पुढे करायच्या आधी विचारा. फ्लोरिडावाल्यांनी आपापले आकडे खाली टाकावेत, तिथे पार्क चार आहेत आणि तिथला हिशेब मला लावत बसायचा नाही.