एकशेसत्तरची साक्ष

२०२५ च्या दिवाळीत ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या आमच्या सोसायटीत फराळ चालू असताना मला साक्षीला उभं केलं. पेट्रोलवरून जुंपली होती. दादा म्हणत होता, लिटरला १०३ रुपये मोजून कामावर जायचं म्हणजे पगार आधी टाकीत ओतायचा आणि उरला तर घरी आणायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर पडते. त्यांनी चकली मोडली आणि माझ्याकडे बोट केलं. "हिलाच विचार. काय गं, जर्मनीत काय भाव आहे?"

मी म्हटलं, "एक युरो सत्तर सेंटच्या आसपास."

"म्हणजे आपले एकशेसत्तर! आणि ते लोक रडतात का?"

रडतात हो काका, चांगलं गळा काढून रडतात. पण ते सांगेपर्यंत विषय आकाशकंदिलाच्या वायरवर गेला होता आणि दादा खटला हरला होता. जर्मनीत लुडविग्सबुर्गला परतून तीन आठवडे झाले, तरी काकांची ती चकली माझ्याच घशात अडकलेली आहे.

२०२२ च्या मार्चमध्ये इथे भावाने दोन युरो ओलांडले तेव्हा पंपापंपावर सुतकी चेहरे होते. शेवटी सरकारने जून ते ऑगस्ट पेट्रोलवरचा ऊर्जा कर लिटरमागे जवळजवळ ३० सेंटने उतरवला आणि वर ९ युरोत महिनाभर लोकल गाड्यांतून देशभर फिरायची सोय करून दिली. तरी ओरड थांबली नाही. सवलत कंपन्यांनीच गिळली म्हणून उलट वाढली. पण त्या तीन महिन्यांत एकाही जर्मन माणसाने दुसऱ्याला "नॉर्वेत जाऊन बघ" असं ऐकवलेलं मला आठवत नाही. गरिबाला श्रीमंताच्या बिलाचा दाखला द्यायची कला आपलीच.

बरं, दाखला द्यायचाच तर पुरता द्या. इथे २०२५ साली किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होतं. म्हणजे सगळ्यात खालच्या पगाराचा माणूस, कर कापायच्या आधी धरला तर, तासाभरात सात लिटर कमावतो. आमच्या सोसायटीचा वॉचमन बारा तासांची ड्युटी करून महिन्याला सोळा हजार घेतो. महिन्याचे सव्वीस दिवस धरा आणि हिशेब करा. एका लिटरसाठी त्याला दोन तास फाटकावर बसावं लागतं. हा गुणाकार काकांना करून दाखवायला हवा होता. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना तो माझ्याहून लवकर जमला असता.

कराच्या बाबतीत मात्र दोन्ही सरकारं एकाच माळेचे मणी. इथे लिटरमागे ६५ सेंट ऊर्जा कर, कार्बनचे वेगळे, आणि या सगळ्यावर १९ टक्के. तिकडे केंद्राचं उत्पादन शुल्क, त्यावर राज्याचा व्हॅट, आणि तोही २०२४ पर्यंत मुंबई, ठाणे, नवी मुंबईला २६ टक्के, उरलेल्या महाराष्ट्राला २५. तो एक टक्का म्हणजे ठाणेकर असल्याचा दंड. फरक एवढाच की २०२५ मध्ये इथला भाव दिवसातून कित्येकदा हलायचा आणि संध्याकाळी सातनंतर टाकी भरायची हे शाळकरी पोरही सांगायचं. आपल्याकडे २०१० मध्ये पेट्रोलचे भाव बाजारावर सोडले, २०१७ च्या जूनपासून ते रोज बदलणार असं ठरलं, आणि मग २०२४ च्या मार्चमध्ये, लोकसभेच्या तोंडावर, बाजाराला एकाएकी दोन रुपयांची माया आली.

पण काकांनी जे मुळात विचारलंच नाही ते दादाच्या रस्त्याबद्दल. तो राहतो कासारवडवलीला, नोकरी महापे एमआयडीसीत. घोडबंदर रोडला रेल्वे स्टेशन नाही. टीएमटीची बस किंवा शेअर रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली, पुढे पुन्हा रिक्षा. तीन ठिकाणी रांग. म्हणून तो गाडी काढतो. मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा, मग कळवा, विटावा, ऐरोली. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, त्यातले निम्मे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये. ॲव्हरेज बाराच्या वर जात नाही, महिन्याला शंभर लिटर, दहा हजार तीनशे रुपये. गायमुखच्या घाटात दुरुस्ती निघाली की त्यात भर. मेट्रो चारचे खांब डोक्यावर उभे आहेत, त्यांच्या सावलीत तो रोज पेट्रोल जाळतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या वेशीवरचे टोल लहान गाड्यांना माफ झाले तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. दादा त्या नाक्यावरून कामाला जातच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला. म्हणजे दारात आणखी गाड्या आल्या आणि दादाचा पहिला गिअर आणखी लांबला.

आणि मी? मी महिन्याच्या तिकिटावर (२०२५ मध्ये ५८ युरो) एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, पंधरा मिनिटांत श्टुटगार्टला उतरते. गाडी वेळेवर असली तर. उन्हाळ्यात मधला बोगदा बंद ठेवतात तेव्हा बदली बसमध्ये ठाण्याच्या आठ-चाळीसची आठवण येते. पण तक्रार करायला तरी एक स्टेशन आहे.

आता खरं सांगायचं तर, ज्या पेट्रोलच्या भावाची मी साक्ष दिली ते पेट्रोल मी भरतच नाही. आम्ही गाडी विकून दोन वर्षं झाली. विमा, गॅरेज, टीयूव्हीची सक्तीची तपासणी, हिवाळ्याचे टायर, त्यांना उन्हाळाभर ठेवायचं भाडं, सगळं मिळून महिन्याला जो आकडा निघाला तो पाहून नवऱ्याने एका रात्रीत जाहिरात टाकली. इथे गाडी नाही म्हटलं की लोक आदराने बघतात. ठाण्यात हेच सांगितल्यावर मावशीने आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सगळं ठीक आहे ना यांचं?"

आणि दुसरं. २०२१ च्या मे महिन्यात पेट्रोल शंभरावर गेलं तेव्हा दादा फोनवर वैतागला होता. त्याला "आमच्याकडे तर एकशेतीस आहे" असं कुणी ऐकवलं असेल? मीच. स्वयंपाकघरात उभी राहून, उंटावरून शेळ्या हाकत. काकांनी नवीन काही शोधलं नाही, माझाच शेरा चार वर्षांनी मला परत केला. राग त्याचाही असेल.

पण माझी एक गाडी आहे. बाबांची २००८ ची वॅगन आर, एमएच ०४, पाचपाखाडीतच उभी. बाबा गेल्यावर आरसी बुक माझ्या नावावर करून घेतलं. दादाकडे स्वतःची गाडी होती, आई चालवत नाही, आणि मी हट्ट केला. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२३ मध्ये पुन्हा नोंदणी, त्यावर पर्यावरण कर. २०२५ मध्ये नवीन सुरक्षा नंबरप्लेट, ७४५ रुपये आणि जीएसटी, तिची तारीख मिळवायला दादाच्या दोन सुट्ट्या गेल्या. वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी आता दहा हजार झाली आहे, म्हणजे २०२८ मध्ये तीही उभी ठाकेल. सोसायटीचं पार्किंग महिन्याला सहाशे, पुसणाऱ्याचे चारशे, विमा, पीयूसी, दर दोन-तीन वर्षांनी बॅटरी, आणि दर महिन्याला पाचशेचं पेट्रोल. वर्षाचे पंचवीस हजार. मीटर पाहिला, वर्षभरात ४१० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला ६१ रुपये. ठाण्यात २०२५ मध्ये मीटरची रिक्षा १७ रुपये १४ पैशांना जायची.

परिवहन मंत्री प्रताप सरनाईक आमच्या ठाण्याचेच. पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही, असं ते २०२५ च्या मेमध्ये म्हणाले होते. माझं प्रकरण उलटं आहे. जागा आहे, गाडी आहे, माणूस नाही. काकांनी सोसायटीच्या सभेत तेच मांडलं म्हणे. वापरात नसलेल्या गाड्यांनी जागा अडवू नये, राहणाऱ्यांना मिळावी. वाजवी आहे. मी काकांच्या जागी असते तर हेच बोलले असते, आणि जास्त टोचून.

फ्लॅट आई आणि दादाच्या नावावर आहे. माझं रेशनकार्डातून नाव केव्हाच गेलं. त्या आरसी बुकावर मात्र माझ्या नावाखाली अजून पाचपाखाडीचा पत्ता आहे, पिनकोडसकट. दादाने चाळीस हजारांचं गिऱ्हाईक आणलं होतं. मी म्हटलं, डिसेंबरात बघू. तो म्हणाला, कुठल्या?

गेल्या रविवारी हिशेब करताना मी त्याला विचारलं, आठवड्यातून एकदा उपवन तलावापर्यंत फेरी, एवढ्याला महिन्याचे पाचशे लागतात कसे? ऊन असो, पाऊस असो, हिशेब हा हिशेब.

"अगं, आई पुढे बसते," तो म्हणाला. "उपवनला पोचलो तरी उतरत नाही. काचा वर, एसी चालू, तलावाकडे तोंड करून अर्धा तास. बाबांसारखंच. इंजिन बंद केलं की ओरडते."

मी काही बोलले नाही.

"आणि पुढच्या महिन्यापासून सहाशे पाठव," तो म्हणाला. "या जुन्या इंजिनाला वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सोसत नाही, ॲव्हरेज आणखी पडलंय. तुमच्याकडे निदान पाच टक्के की दहा टक्के ते पंपावर निवडता तरी येतं."

निवडता येतं, हे त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं. मी सहाशे पाठवले आणि विम्याचं नूतनीकरणही तेव्हाच उरकून टाकलं.